डॉक्टरांचे डिक्टेशन कळत नाही तेव्हा: ब्लँक कसे सोडवावेत आणि कधी तसेच ठेवावेत

प्रश्न असा आहे: मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचे, म्हणजे डॉक्टरांचे ध्वनिमुद्रित बोलणे ऐकून रिपोर्ट टाइप करण्याचे, प्रशिक्षण झाले, सहा महिन्यांपासून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या फाइली हाती आहेत, पण प्रत्येक फाइलमध्ये सात-आठ ब्लँक, म्हणजे न कळलेल्या शब्दांच्या रिकाम्या जागा, राहतात. एकेक जागा वीस-वीस वेळा ऐकूनही उलगडत नाही, आणि क्यूएकडून, म्हणजे काम तपासणाऱ्यांकडून, फाइल परत आली की तो शब्द अगदी ओळखीचा निघतो. कान कसा तयार करावा?

आधी वीस वेळा ऐकणे बंद करा. पहिल्या-दुसऱ्या वेळी कानाने जो अंदाज बांधला, तोच पुढच्या प्रत्येक वेळी घट्ट होत जातो. एकदा चुकीचा शब्द डोक्यात बसला की एकविसाव्या वेळीही तोच ऐकू येतो. तीनदा ऐका. एकदा नेहमीच्या वेगाने, एकदा थोडे हळू, आणि एकदा चार-पाच सेकंद मागून सुरू करून पुढचे वाक्य संपेपर्यंत. तरीही कळले नाही तर जागा सोडा, वेळ टिपा आणि फाइल शेवटपर्यंत करा. डॉक्टर एकच गोष्ट बहुधा दोनदा बोलतात. हिस्टरीमध्ये, म्हणजे आजाराच्या पूर्वेतिहासात, घाईत गिळलेले औषध डिस्चार्जच्या यादीत सावकाश येते. तपासणी सांगताना पुटपुटलेले निदान असेसमेंटमध्ये, म्हणजे निष्कर्षाच्या भागात, क्रमांक देऊन सांगितले जाते. फाइल संपवून मागे वळलात की काही ब्लँक तिथल्या तिथे भरतात, आणि मधल्या वेळात कानही ताजा झालेला असतो.

दुसरी सवय याहून महत्त्वाची. शंका असलेला कोणताही शब्द रिपोर्टमध्ये टाकण्याआधी त्याचे दोन पुरावे हवेत: एक कानाचा आणि एक कागदाचा. उच्चार जुळला पाहिजे, आणि आजार, डोस, अवयव किंवा शस्त्रक्रियेची पायरी यांपैकी काहीतरी जुळले पाहिजे. दोहोंपैकी एकच जुळत असेल तर तो शब्द अजून तुमच्या हाती आलेला नाही. कानाचा पुरावा अस्पष्ट डिक्टेशनमध्ये अर्धामुर्धाच मिळतो, म्हणून खरी मेहनत कागदाच्या पुराव्यावर घ्यायची.

आवाज अर्धा का येतो

कान अर्धवट का राहतो हे समजले की कुठे संशय घ्यायचा तेही कळते. साध्या टेलिफोनवरून केलेल्या डिक्टेशनमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा येतो. ‘स’ या ध्वनीचा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. तो फोनमध्ये कापला जातो आणि ‘स’ व ‘फ’ सारखेच वाटू लागतात. डॉक्टरांनी नाव एकेक अक्षराने सांगितले तरी ‘एफ’ की ‘एस’ कळत नाही, ते यामुळे. ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’, ‘व्ही’ या अक्षरांत तर पहिला क्षणभराचा ध्वनी सोडला तर बाकी सगळा ‘ई’च आहे. म्हणून बीआयडी म्हणजे दिवसातून दोनदा, आणि टीआयडी म्हणजे तीनदा, हे दोन फोनवर सहज एकमेकांच्या जागी ऐकू येतात. इथे कागदाकडे जा: १० दिवसांसाठी ३० गोळ्या दिल्या असतील तर टीआयडी, २० दिल्या असतील तर बीआयडी. गोळ्यांची संख्या आणि दिवस सांगितलेच नसतील तर कानावर विसंबून ठरवू नका.

दुसरे कारण आवाजावर चालू होणारे रेकॉर्डर. डॉक्टर थांबले की यंत्र थांबते, आणि बोलू लागल्यावर सुरू व्हायला क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात शब्दाचे पहिले अक्षर जाते. वैद्यकीय शब्दांत अर्थ नेमका तिथेच असतो. ‘...टेन्शन’ एवढेच ऐकू आले तर ते हायपर की हायपो? ‘...सिम्प्टोमॅटिक’च्या आधी ‘ए’ होता का? विरामानंतर लगेच आलेल्या शब्दाचे पहिले अक्षर संशयास्पद धरा आणि तो शब्द रक्तदाबाच्या आकड्याशी, दिलेल्या औषधाशी ताडून पाहा.

यंत्राच्या बाबतीत फार थोडे करायचे असते, पण ते नेमके करा. फूट पेडलचा ऑटो-बॅकस्टेप, म्हणजे पाय उचलून पुन्हा दाबला की आवाज आपोआप मागे जाण्याचा काळ, एक ते दोन सेकंद ठेवा. शून्य ठेवलात तर प्रत्येक थांब्यावर एखादे अक्षर निसटते. वेग ७५ ते ८० टक्क्यांपर्यंत उतरवा. ६० च्या खाली व्यंजने फाकतात आणि उलट कमी कळते. एकेक शब्द तोडून, रेंगाळत बोलणाऱ्या डॉक्टरांसाठी वेग ११५ ते १२५ टक्के करून पाहा, सुटे शब्द एका लयीत येतात आणि वाक्य उभे राहते. हेडफोन कान पूर्ण झाकणारा घ्या आणि बास वाढवणारी सेटिंग बंद ठेवा, कारण त्याने एसीची घरघर वाढते आणि व्यंजने दबतात. सॉफ्टवेअरमध्ये इक्वलायझर असेल तर १०० हर्ट्झच्या खालचे कापा आणि २००० ते ४००० हर्ट्झचा पट्टा थोडा उचला. नॉइज रिडक्शन जपून वापरा. जास्त लावले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि गोंगाटाबरोबर ‘स’, ‘फ’, ‘थ’ही पुसले जातात. कंपनीच्या परवानगीशिवाय फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा दुसऱ्या संगणकावर मात्र नेऊ नका. त्यात रुग्णाची माहिती आहे आणि ती जपण्याची १९९६ च्या हिपा या अमेरिकी कायद्याखालची जबाबदारी करारातून तुमच्यापर्यंत येते.

अमेरिकी बोलणे आणि मराठी कान

आपण इंग्रजी वाचून शिकलो, म्हणून शब्द सुटे सुटे ऐकू येतील अशी आपली अपेक्षा असते. बोलताना अमेरिकी माणूस सतत संधी करतो, आणि ट्रान्सक्रिप्शन करणाऱ्याला विग्रह करत बसावे लागते. ‘स्टेटस पोस्ट’चे ‘स्टॅस्पोस’ होते, ‘लेफ्ट फूट’चे ‘लेफूट’, ‘चेस्ट ट्यूब’चे ‘चेस्च्यूब’. कोणता तुकडा कुठे तोडायचा हे कळेना तर तो तुकडा स्वतः मोठ्याने, त्याच वेगात म्हणून पाहा. जिभेला जो शब्द सापडतो तो कानाला लगेच सापडत नाही.

दोन स्वरांच्या मधला ‘ट’ अमेरिकेत ‘ड’सारखा होतो: ‘बायलॅडरल’, ‘मेडाटार्सल’. आकड्यांत याचा थेट फायदा होतो. ‘थर्टी’चे ‘थर्डी’, ‘फॉर्टी’चे ‘फोर्डी’, ‘एटी’चे ‘एडी’ होते, पण ‘थर्टीन’, ‘फोर्टीन’, ‘एटीन’मधला ‘ट’ स्वच्छ राहतो. ‘ड’ ऐकू आला तर दशक, ‘ट’ ऐकू आला तर तेरा-चौदा-अठरा. ‘फिफ्टी’ आणि ‘सिक्स्टी’ला हा नियम लागत नाही. तिथे आघात कुठे आहे ते ऐका. ‘फिफ्टीन’मध्ये दुसरा भाग लांबतो, ‘फिफ्टी’मध्ये पहिल्यावर जोर पडून दुसरा आखूड होतो. पण पुढे लगेच दुसरा शब्द आला तर ‘फिफ्टीन’चा आघातही पहिल्या भागावर सरकतो आणि ‘फिफ्टीन मिलिग्रॅम’ हे ‘फिफ्टी मिलिग्रॅम’सारखे ऐकू येते. तिथे पुन्हा कागदच कामाला येतो.

‘कॅन’ आणि ‘कान्ट’ हे आणखी एक ठिकाण. अमेरिकी उच्चारात ‘कान्ट’चा ‘ट’ जवळपास ऐकूच येत नाही. स्वरावर लक्ष ठेवा: होकारार्थी असेल तर तो ‘क्न’ इतका आखूड होतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो, नकारार्थी असेल तर पूर्ण, लांब ‘कॅन्’ येतो. रुग्णाला हात उचलता येतो की येत नाही, हे या एका स्वरावर ठरते.

इंग्रजी मातृभाषा नसलेले डॉक्टर, ज्यांना या कामात ईएसएल डॉक्टर म्हणतात, ते अवघड वाटतात, पण त्यांचे उच्चार बहुधा नियमित असतात. स्पॅनिशभाषक डॉक्टर ‘स’च्या जोडाक्षराआधी ‘ए’ लावतात: ‘एस्टेनोसिस’. ‘व्ही’ आणि ‘बी’ एकच होतात, म्हणून ‘व्हायक्रिल’ या टाक्याच्या दोऱ्याचा ‘बायक्रिल’ होतो. अरबीभाषकांचा ‘प’ ‘ब’कडे झुकतो. फिलिपिनो डॉक्टरांच्या बोलण्यात ‘फ’ आणि ‘प’ यांची अदलाबदल होऊ शकते, आणि जपानीभाषकांचे ‘लंग’ ‘रंग’ ऐकू येते. अशा डॉक्टरांच्या पहिल्या दोन फाइलींतच कोणत्या ध्वनीच्या जागी कोणता ध्वनी येतो याचा छोटा तक्ता करा. मग न कळलेल्या शब्दात तो ध्वनी बदलून पाहा. हे डॉक्टर शब्द गिळत नाहीत, फक्त वेगळ्या ध्वनीने सांगतात. एकदा तक्ता बसला की भरभर पुटपुटणाऱ्या अमेरिकी सर्जनपेक्षा त्यांच्या फाइली सोप्या जातात.

शोधतानाही उच्चाराच्या मागे स्पेलिंग धावत नाही हे लक्षात ठेवा. शब्द ‘स’ने सुरू झाला म्हणून ‘एस’ खालीच शोधू नका: सोअस स्नायूचे स्पेलिंग ‘पी-एस’ने सुरू होते. ‘न’ ऐकू आला तर ‘पी-एन’, ‘ट’ ऐकू आला तर ‘पी-टी’, ‘र’ ऐकू आला तर ‘आर-एच’, ‘झ’ ऐकू आला तर ‘एक्स’ही पाहा. झायफॉइड, राँकाय, टोसिस हे सगळे असेच हुकतात. वनलुक या शब्दकोश शोधात न कळलेल्या अक्षरांच्या जागी तारा टाकता येतो. शब्दाचे डोके आणि शेपूट कळले असेल तर त्याचा उपयोग होतो.

आकडे

सगळ्यात जास्त हानी आकड्यांत होते, आणि सुदैवाने सगळ्यात चांगला पडताळाही आकड्यांतच मिळतो. अमेरिकी डॉक्टर रक्ताचे अहवाल नाव न घेता ठरलेल्या क्रमाने सांगतात: ‘वन थर्टी-एट, फोर पॉइंट टू, वन ओ टू, ट्वेंटी-सिक्स, फोर्टीन, पॉइंट नाइन.’ हा क्रम सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, बीयूएन (रक्तातले युरिया नायट्रोजन), क्रिएटिनिन असा आहे आणि शेवटी ग्लुकोज येते. सोडियम साधारण १३५ ते १४५, पोटॅशियम ३.५ ते ५, क्लोराइड ९८ ते १०६ हे डोक्यात पक्के असेल तर ‘फॉर्टी-टू’सारखे ऐकू आले तरी पोटॅशियम ४२ लिहिले जाणार नाही. रक्तगणनेत हिमोग्लोबिनला तीनने गुणले की जवळपास हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचे टक्के, येतो. हिमोग्लोबिन ‘थर्टीन पॉइंट फोर’ आणि हिमॅटोक्रिट ‘फोर्टी’ असेल तर जुळले. हिमॅटोक्रिट ‘फोर्टीन’ वाटत असेल तर पुन्हा ऐका. पण मूल्य असामान्य आहे एवढ्यावरून ते दुरुस्त करू नका. आजारी माणसाचे आकडे असामान्यच असतात. डॉक्टर पुढे ‘लो’, ‘क्रिटिकल’, ‘ट्रान्सफ्यूज’ असे काही म्हणतात का ते पाहा.

संदर्भ किती कामाचा असतो याचे चांगले उदाहरण म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन (ईएफ), हृदय प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकते तो आकडा. ‘ईएफ ऑफ फिफ्टी...’ आणि शेवट अस्पष्ट. १५ टक्के म्हणजे हृदय अगदी क्षीण, ५० म्हणजे जवळपास ठीक. दोन्ही आकडे शक्य आहेत, म्हणून आकडा पाहून काहीच ठरत नाही. आजूबाजूला पाहा. ‘सिव्हिअर कार्डिओमायोपॅथी’, आयसीडी, म्हणजे हृदयाला झटका देणारे यंत्र, बसवण्याचा विचार, मोठ्या डोसचे फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध असेल तर १५ कडे झुकते. ‘प्रिझर्व्हड’ असे विशेषण किंवा ‘फिफ्टी टू फिफ्टी-फाइव्ह’ असा पल्ला असेल तर ५०. यांतले काहीच सापडले नाही तर ब्लँक. इथे अंदाजाने भरलेला आकडा पुढच्या डॉक्टरच्या निर्णयात उतरतो.

दशांशाचे लेखन ठरलेले आहे. ‘पॉइंट फाइव्ह’ ऐकले तरी ०.५ लिहायचे, बिंदूआधीचे शून्य कधीच गाळायचे नाही. ‘फाइव्ह मिलिग्रॅम’ला ५ च लिहायचे, ५.० नाही. बिंदू दिसला नाही तर पहिल्यात आणि दुसऱ्यात दोन्हीकडे डोस दहापट होतो. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने २००४ पासून लागू केलेल्या ‘हे वापरू नका’ यादीत हे आहे, आणि युनिटसाठी एकटे ‘यू’ अक्षर लिहू नये हेही आहे, कारण ते शून्यासारखे दिसते. इन्सुलिन असेल तर ‘युनिट्स’ पूर्ण लिहा.

औषधे: नावाआधी डोस ऐका

औषधाचे नाव कळले नाही की लोक नावावरच घोटाळतात. नाव सोडा, पुढचा डोस, किती वेळा आणि कशासाठी हे तीन ऐका. एक उदाहरण जवळून पाहू. ‘शी टेक्स क्लोन-ई-... पॉइंट वन बीआयडी.’ ऐकायला क्लॉनिडीनही असू शकते, क्लोनोपिनही. एक रक्तदाबासाठी, दुसरे झटके आणि घबराटीसाठी. क्लॉनिडीनच्या गोळ्या ०.१, ०.२ आणि ०.३ मिलिग्रॅमच्या येतात, क्लोनोपिनच्या ०.५, १ आणि २ च्या. ‘पॉइंट वन’ने निकाल लागला. आता कागद पाहा: रुग्णाला उच्च रक्तदाब आहे का? असेल तर दोन पुरावे झाले. तसेच लॅमिक्टल आणि लॅमिसिल: २५०चा डोस आणि नखांची बुरशी असेल तर लॅमिसिल, २०० आणि एपिलेप्सी किंवा बायपोलर असेल तर लॅमिक्टल. थायरॉइडच्या लेव्होथायरॉक्सिनला ‘वन ट्वेल्व’, ‘एटी-एट’, ‘वन थर्टी-सेव्हन’ असे विचित्र आकडे येतात. ते बरोबर आहेत, ते मायक्रोग्रॅम आहेत.

पण डोसही सगळीकडे सोडवत नाही. हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन दोन्ही १०, २५, ५० मध्ये मिळतात. इथे आजारच हवा: पहिले रक्तदाबासाठी, दुसरे खाज किंवा चिंतेसाठी. ट्रॅमाडॉल आणि ट्रॅझोडोन दोन्ही ५० च्या गोळ्यांत येतात. वेदनेसाठी ‘दर सहा तासांनी लागेल तसे’ असेल तर ट्रॅमाडॉल, ‘रात्री झोपताना’ असेल तर ट्रॅझोडोन. रुग्ण एकाच वेळी पाठदुखीचा आणि निद्रानाशाचा असेल आणि डॉक्टरांनी वेळ सांगितली नसेल, तर ब्लँक. मेटोप्रोलॉल ऐकले तर पुढचे टार्ट्रेट की सक्सिनेट तेही ऐका: टार्ट्रेट बहुधा दिवसातून दोनदा, सक्सिनेट एकदा.

नावांचा हा गोंधळ फक्त नवख्यांचा नाही. अमेरिकेत ‘लोसेक’ हे नाव ‘लेसिक्स’शी गोंधळत होते म्हणून १९९० मध्ये ते ‘प्रिलोसेक’ झाले, आणि ‘ब्रिंटेलिक्स’ हे ‘ब्रिलिंटा’शी गोंधळते म्हणून २०१६ मध्ये ‘ट्रिंटेलिक्स’ झाले. जिथे औषधाचे नावच बदलावे लागते तिथे तुमच्या कानाला शंका येणे स्वाभाविक आहे. डोस आणि रूप तपासायला अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची डेलीमेड ही साइट वापरा, तिथे औषधाचे अधिकृत लेबल आणि मिळणाऱ्या ताकदी दिसतात. कुठेही शोधताना फक्त शब्द आणि डोस टाका. रुग्णाचे नाव, तारीख, हॉस्पिटल शोधाच्या चौकटीत कधीही जाता कामा नये.

शस्त्रक्रिया: पायऱ्या माहीत असल्या की शब्द सापडतो

ऑपरेटिव्ह नोट नवख्याला सगळ्यात कठीण वाटते, कारण अवजारांची नावे माणसांची असतात. पण ऑपरेशनच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, आणि ती तुमची खरी मदत आहे. ‘लॅप कोली’, म्हणजे दुर्बिणीने पित्ताशय काढणे, घ्या. नाभीपाशी छेद, मग ‘अ व्हेरियस नीडल वॉज इन्ट्रोड्यूस्ड’. ‘वेगवेगळी सुई’ याला अर्थ नाही. पोटात वायू भरण्यासाठी जी सुई घालतात ती व्हेरेस सुई. पुढे ‘न्यूमोपेरिटोनियम टू फिफ्टी मिलिमीटर्स’ असे वाटले तरी तो दाब १५ असतो. मग ट्रोकार, पित्ताशयाचा फंडस वर ओढणे, आणि ‘कॅलोज ट्रँगल’. फ्रेंच नाव आहे, शेवटचा ‘टी’ उच्चारत नाहीत, शब्दकोशात मात्र ‘टी’सह कॅलो सापडतो. त्यानंतर सिस्टिक डक्ट आणि सिस्टिक आर्टरी क्लिप करून कापणे, यकृताच्या पलंगावरून पित्ताशय सोडवणे, एंडोकॅच पिशवीत घालून बाहेर काढणे. शेवटी फॅशिया, म्हणजे स्नायूंवरचे मजबूत आवरण, ‘झीरो व्हायक्रिल ऑन अ यूआर-सिक्स’ने (यूआर-सिक्स ही सुई) आणि कातडी ‘फोर-ओ मोनोक्रिल’ने शिवणे. टाक्याच्या दोऱ्यातही पडताळा आहे: शून्याच्या आधीचा आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. फॅशियासाठी ४-० ऐकू आले तर पुन्हा ऐका, चेहऱ्याच्या कातडीसाठी २-० ऐकू आले तरीही.

म्हणून सर्वाधिक येणाऱ्या दहा-बारा शस्त्रक्रियांच्या पायऱ्या एकदा नीट अभ्यासा. त्याच डॉक्टरांच्या त्याच प्रकारच्या पाच-सात जुन्या नोट्स, सॅम्पल म्हणून, शेजारी उघडा. सर्जन एकाच शस्त्रक्रियेला बहुतेक तेच वाक्य वापरतो. मात्र सॅम्पलमधून वाक्य उचलून चिकटवू नका. या वेळी त्याने क्लिप दोन लावल्या की तीन, ते आजच्या आवाजातून यायला हवे.

जुळे शब्द आणि नकार

काही जोड्या कानाला पूर्णपणे सारख्याच असतात, तिथे कितीही वेळा ऐकले तरी उपयोग नाही. आतड्याचा इलियम आणि नितंबाच्या हाडाचा इलियम उच्चारात एकच. आतड्याच्या ऑपरेशनमध्ये ‘ई’चा, हाडाच्या कलमात ‘आय’चा. पेरोनियल आणि पेरिनियल: पाऊल लोंबकळत असेल तर पहिला, प्रसूतीतली जखम असेल तर दुसरा. ॲबडक्शन (अवयव शरीरापासून दूर नेणे) आणि ॲडक्शन (शरीराकडे आणणे) यांतला घोळ टाळण्यासाठी काळजी घेणारे डॉक्टर ‘ए-बी-डक्शन’ असे म्हणतात. जे म्हणत नाहीत त्यांचे अंश पाहा. या दोहोंपैकी खांदा १६० अंशांपर्यंत फक्त ॲबडक्शनमध्ये जातो.

डिस्फेजिया आणि डिस्फेसिया यांत सावध राहा. पहिला गिळण्याचा त्रास, दुसरा भाषेचा. स्ट्रोकच्या रुग्णाला दोन्ही असू शकतात, आणि अमेरिकेत स्पीच थेरपिस्ट गिळण्याचीही तपासणी करतात, म्हणून ‘स्पीच थेरपी कन्सल्ट’ हा पुरावा धरू नका. ‘थिकन्ड लिक्विड्स’, ‘बेरियम स्वॉलो’, ‘ॲस्पिरेशन’ असे शब्द सापडले तरच डिस्फेजिया नक्की.

नकाराचे शब्द सगळ्यात आखूड आणि सगळ्यात महागडे. ‘नो’, ‘नॉट’, ‘नाऊ’ यांत क्षणाचा फरक. ‘द पेशंट इज नाऊ...’ की ‘नॉट’? असेसमेंटशी जुळवा. जुळत नसेल तर फ्लॅग करा, म्हणजे शंकेची खूण लावून क्यूएला कळवा. डावे-उजवेही तसेच. हिस्टरीत उजवा गुडघा आणि ऑपरेशनमध्ये डावा आला तर तुम्ही निवड करायची नाही. जसे बोलले तसे लिहा आणि विसंगती स्पष्ट दाखवून फाइल पुढे पाठवा. ती दुरुस्त करण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे.

मशीनचा मसुदा हाती आला तर

आता पुष्कळ फाइली कोऱ्या येत नाहीत, स्पीच रेकग्निशनने लिहिलेला मसुदा येतो आणि तो सुधारायचा असतो. इथे धोका उलटा आहे. माणसाला कळले नाही तर तो ब्लँक ठेवतो. मशीन बहुधा काहीतरी सुबक लिहूनच ठेवते. डोळ्यांनी ते वाचले की कानाला तेच ऐकू येते. म्हणून औषधांची यादी, आकडे आणि ‘नो’, ‘डिनाइज’ असलेली वाक्ये आली की नजर पडद्यावरून काढून आधी ऐका, मग वाचा. वेळ थोडा जास्त जातो. तो द्या.

ब्लँक कसा लिहावा

प्रामाणिक ब्लँक ही चूक नाही. चुकीचा भरलेला शब्द ही चूक आहे. पण ब्लँक उपयोगी असायला हवा. रिपोर्टमध्ये ठरलेल्या लांबीची रेघ ठेवा, आणि शेरा वेगळ्या जागी लिहा: वेळ ०३:४२, ‘ट्रा...डो...’सारखा उच्चार, ५० मिलिग्रॅम, औषध घेण्याची वेळ सांगितलेली नाही, पाठदुखी व निद्रानाश दोन्ही. एवढे लिहिले की क्यूए तुमचे काम पुन्हा करत बसत नाही, थेट त्या ठिकाणी जातो. कळत नाही म्हणून वाक्यच बदलून, ब्लँक दिसू नये अशी रचना करणे हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण मग काही गाळले गेले हेच कोणाला कळत नाही. रुग्णाला पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव अडले असेल तर एनपीआय या अमेरिकेच्या डॉक्टरांच्या सार्वजनिक नोंदणीत राज्य आणि नावाचा कळलेला भाग टाकून पाहा, पत्ता आणि विशेषज्ञता जुळली तरच घ्या.

क्यूएकडून परत आलेल्या प्रत्येक शब्दाची डॉक्टरनिहाय वही ठेवा. तीन रकाने पुरेत: मला काय ऐकू आले, काय होते, कोणत्या पुराव्याने कळले असते. वहीत रुग्णाचे नाव किंवा क्रमांक नको. महिन्याच्या शेवटी त्या नोंदी औषधे, आकडे, अवजारे आणि साधे इंग्रजी अशा चार ढिगांत वाटा. साध्या इंग्रजीचा ढीग मोठा निघाला तर वैद्यकीय शब्दकोश पाठ करून फायदा नाही. त्यासाठी रोज पंधरा मिनिटे अमेरिकी बोलणे लावा आणि बोलणाऱ्याच्या मागोमाग, अर्धा सेकंद अंतर ठेवून, तेच वाक्य त्याच चालीत मोठ्याने म्हणत जा. कळले नाही तर थांबू नका, पुढचे वाक्य पकडा. आकड्यांचा ढीग मोठा असेल तर एखाद्या सहकाऱ्याला शेजारच्या खोलीतून फोनवर रक्ताचे अहवाल आणि डोस वाचायला सांगा आणि फक्त ऐकून लिहा. फोनच्या त्या अरुंद पट्ट्याची सवय फोनवरच होते.